ताप, घरी पाठवले

औरंगाबाद,
२३ नोव्हेंबर २०२१

प्रिय सत्यभामा,

तू, सायली आणि भावाकडची सगळी मंडळी खुशाल असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघाही बरा आहे. त्याबद्दल पुढे लिहीन.

तुझा फोन सात वेळा लावला. सहा वेळा बंद होता, सातव्या वेळी कुणीतरी उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. कुणी ठेवला हे मी विचारत नाही. शेवटी शाळेतल्या शिपायाला, सांडूला गाठलं. तो तुमच्याच भागातला, तुझ्या भावाला ओळखणारा. म्हणाला, "देवगाव रंगारीत कडुबा दाभाडे म्हनलं की पोस्टमन घरात आणून देतंय, मॅडम. पन पत्र कशाला? पोरं हसतेल तुमाला." हसू देत. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, आणि मधेच तू फोन ठेवला असतास तर पुन्हा लावायची हिंमत झाली नसती.

इकडची खबर अशी. तुझ्या जागी जी बाई ठेवली आहे ती पोळ्यांच्या नावाखाली पापड करते आणि वर मलाच विचारते, "चावत नाही का तुम्हाला?" समोरच्या बंगल्यातल्या सूनबाई अजून मास्क हनुवटीवर लावूनच मुलाला गाडीतून शाळेच्या गेटवर सोडतात. बाकी गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप सकाळी काढा वाटतो आणि दुपारपर्यंत कुणाची तरी अब्रू वाटून मोकळा होतो. सगळं जिथल्या तिथे आहे.

सांडू आणखी एक म्हणाला. सायली तुझ्याबरोबर कापूस वेचायला जाते. ते ऐकून मला तुझा भयंकर राग आला. दहावीतली मुलगी! दीड वर्ष शाळा बंद असताना माझ्या व्हरांड्यात बसून, माझ्या जुन्या मोबाइलवर धडे उतरवून घेऊन जिने अभ्यास सोडला नाही, तिला तू सरीत उभी केलीस? मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. कुलूप काढलं, आत आले, खुर्चीत बसले, आणि भांडण पुढे सरकेना. कारण तुझ्या बाजूने काय उत्तर येणार ते मला माहीत होतं.

तिला शाळेत पाठव म्हणून तुझ्या मागे लागले होते ती मी. तू घाबरत होतीस. कणीक मळता मळता म्हणाली होतीस, "बाई, एकच लेकरू हाय. अजून दोन महिने थांबली तर काय बिघडतंय?" मी म्हणाले, दहावी थांबत नसते. गेटवर मी स्वतः उभी राहणार आहे, तिची जबाबदारी माझी. तू म्हणालीस, "तुमी हाव म्हणून पाठवते."

तुला माहीत आहे मला गेटवर का बोलावलं ते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं मी पन्नास मुलींना वेळेवर हेडफोन लावायला लावले. नन्सच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे रांग, नखं, रुमाल हे माझ्या हाडात आहे. मुख्याध्यापिका विशाखा मॅडम म्हणाल्या, "कुमुदताई, शाळा उघडतेय, पण शिस्त लावणारं माणूस पाहिजे." मी आनंदाने नियम लिहून दिले. दोन मुलांत सहा फूट. डबा वाटून खायचा नाही. शेअर रिक्षात कोंबून यायचं नाही. गेटवर कपाळाला तापाची बंदूक लावायची, शंभरच्या वर आकडा गेला तर मूल घरी, आणि त्याचं नाव बाहेरच्या बोर्डावर, म्हणजे लपवाछपवी नको. ही शेवटची अक्कल पूर्णपणे माझी. ऑफिसात आम्ही उशिरा येणाऱ्यांची नावं अशीच बोर्डावर लावायचो.

६ ऑक्टोबर, बुधवार. शाळा उघडून तिसरा दिवस. साडेअकराची पाळी, ऊन असं की गेटचं लोखंड हाताला चटका देत होतं. सायली मुकुंदवाडीहून चालत आली होती. रिक्षाने येऊ नका असं मीच लिहिलं होतं ना! गाडीतून उतरलेल्यांचे आकडे छान सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. तिचा आला शंभर पूर्णांक चार.

सांडू माझ्या शेजारी होता. "मॅडम, लेकरू उन्हातनं आलंय. कपाळ तापलंय नुसतं. लिंबाखाली धा मिनिटं बसू द्या, मंग बघा पुन्हा."

मी म्हणाले, "सांडू, तू डॉक्टर कधीपासून झालास?"

सायली म्हणाली, "बाई, मला काही नाही झालं. परत लावा ना."

आणि मी तिला, सगळ्या रांगेसमोर, माझ्या त्या एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाले, "इथे मी कुणाची बाई नाही. नियम सगळ्यांना सारखा. घरी जा."

का, ते सांगते. मागे समोरच्या सूनबाई उभ्या होत्या. स्वयंपाकवालीची मुलगी म्हणून हिने आत सोडली असं त्यांनी म्हणू नये, एवढ्यासाठी. दुसऱ्या कुठल्याही मुलीला मी दहा मिनिटं लिंबाखाली बसवलं असतं, सत्यभामा. तुझ्या मुलीला नाही बसवलं. मग खडू घेऊन बोर्डावर लिहिलं: सायली हिवराळे, दहावी ब. ताप, घरी पाठवले. अक्षर सुंदर आलं होतं. सूनबाईंनी त्याचा फोटो काढला.

पुढचं तुझ्यावर गुदरलं, ते मी तुला काय सांगायचं. संध्याकाळपर्यंत फोटो गल्लीभर फिरला. दुसऱ्या दिवशी दोन घरांनी तुला कामावर येऊ नको म्हणून कळवलं. कुणीतरी "त्या वस्तीत हे असंच असतं" असंही लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. खाली काहीही लिहिलं नाही. एरवी चहात साखर जास्त पडली तरी मी चार ओळी लिहिते.

तरी तू सकाळी माझ्याकडे आलीसच. मी दार अर्धं उघडून म्हणाले, "काही दिवस येऊ नकोस."

तू विचारलंस, "बाई, तुमी बी?"

मी दार लावलं.

आता गुडघ्याचं.

गुडघ्याला काही झालं नव्हतं. ताप मला होता. बुधवारी सकाळी उठले तीच अंग मोडून. घसा धरलेला. नव्याण्णव पूर्णांक आठ. घरातला थर्मामीटर, काखेतला, खरा. मी क्रोसिन घेतली, इस्त्रीची साडी नेसली आणि गेटवर गेले. दोनच दिवस तर झाले होते, आणि तिसऱ्या दिवशी मीच गैरहजर राहिले तर लोक काय म्हणतील? सांडूने सवयीने बंदूक माझ्याही कपाळाकडे नेली तेव्हा मी त्याचा हात बाजूला केला. "माझं राहू दे रे, पोरांचं बघ." आधीचे दोन दिवस मी स्वतःच कपाळ पुढे केलं होतं.

म्हणजे त्या दिवशी त्या गेटवर ताप असलेलं एक माणूस होतं, आणि ते सायलीला घरी पाठवत होतं.

संध्याकाळी एकशे दोन झाला. गुरुवारी तू दारात होतीस तेव्हा मी दाराला धरून उभी होते, नाहीतर पडले असते. तुला लागू नये म्हणून येऊ नको म्हणाले, हे खरं आहे. पण ते सांगायला चार शब्द पुरले असते. मला ताप आहे, सत्यभामा. एवढेच चार शब्द. ते बोलले असते तर तुझ्या "तुमी बी" ला उत्तर मिळालं असतं, पण गल्लीलाही कळलं असतं. मी गल्ली निवडली. शनिवारी रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. विशाखा मॅडमना फोन करून सांगितलं, गुडघा धरलाय, पंधरा दिवस जिना उतरता येणार नाही. जेवणाचा डबा बाहेरून मागवला, डबेवाल्यालाही गुडघाच सांगितला. त्याने कुठलंसं तेल आणून दिलं, बिचाऱ्याने.

मग तुला माहीत आहे तसं पुंडलिक सर आजारी पडले. गणिताचे. त्या बुधवारी ते गेटवर माझ्याशेजारी तासभर होते. आम्ही दोघांनी मास्क खाली करून चहा घेतला होता, नियम कसे कडक ठेवले पाहिजेत यावर बोलत. सहा दिवस ते ऑक्सिजनवर होते. दहावी ब मधल्या दोन मुलींनाही झाला. त्यांची पेनं माझ्या हातातून गेली होती, रजिस्टरवर सही करताना. माझ्यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, तेव्हा शहरात रोग होताच. पण कुणामुळे झालं हे लोकांनी शपथेशिवायच ठरवून टाकलं. बोर्डावर एकच नाव होतं.

तू सायलीची तपासणी करून रिपोर्ट शाळेत नेऊन दिलास. निगेटिव्ह. मी काल तो पाहिला. ऑफिसच्या फाइलमध्ये व्यवस्थित लावलेला आहे, कुणी उघडून पाहिलेला नाही. ताप लिहायला आमच्याकडे खडू होता. हे लिहायला तो कुणाला सापडला नाही.

तू सायलीला घेऊन भावाकडे निघून गेलीस त्यानंतर, दिवाळीच्या आधी, शाळा समितीची बैठक झाली. मी काठी घेऊन गेले. हो, काठी! खोटं नीट निभवायचं तर सामान लागतं. अतुल जोजारे नावाचे पालक उठून म्हणाले, "कुमुदताईंनी त्या मुलीला वेळीच अडवलं म्हणून आपली पोरं वाचली." टाळ्या झाल्या. विशाखा मॅडमनी मला शाल आणि नारळ दिला.

मी शाल घेतली, सत्यभामा. खांद्यावर घालून फोटोही काढला.

कॉन्व्हेंटमध्ये ख्रिश्चन मुली शनिवारी फादरकडे जाऊन जाळीआडून आपल्या चुका सांगायच्या आणि हसत बाहेर यायच्या. आम्हा बाकीच्यांना वाटायचं, काय सोपं आहे यांचं. सोपं नसणार. मला इतकी वर्षं कळलं नाही, कारण मी आयुष्यभर जाळीच्या दुसऱ्या बाजूला बसून लोकांचं ऐकून घेतलं आणि शिक्षा सांगितली.

सांडूने कापसाचं सांगितल्यावर काल मी शाळेत गेले, काठी घरी ठेवून. विशाखा मॅडमसमोर पुंडलिक सरांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं सर ओरडतील. त्यांचा आवाज अजून पूर्ण आलेला नाही. ते एवढंच म्हणाले, "बाई, तेव्हाच सांगितलं असतं तर मी घरी गेलो नसतो हो. माझी आई ऐंशीची आहे." त्यांची आई वाचली. तिला काही झालं नाही. पण मला त्यांच्याकडे बघता आलं नाही. विशाखा मॅडम म्हणाल्या, झालं गेलं, आता शाळेचं नाव कशाला खराब करायचं, सायलीला आपण गुपचूप परत घेऊ.

मी गुपचूप नको म्हणाले. येत्या शनिवारी पालकसभा आहे. तिथे उभं राहून मी हे सांगणार आहे, जोजारे आणि सूनबाईंच्या देखत. तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. मला माझी खात्री नाही म्हणून लिहिते आहे. शनिवारपर्यंत मी शंभर सबबी शोधेन, त्या मला चांगल्या जमतात हे तू वर वाचलंसच. पण हे पत्र आज पेटीत पडलं की निदान एका घरात खरं पोहोचलेलं असेल.

सायली, माझं अक्षर आईला लागत नाही, तेव्हा इथपर्यंत तूच वाचून दाखवलं असशील. आता थोडं तुझ्याशी. मुलांना सुरक्षित शाळेत आणायचं काम माझ्याकडे होतं आणि मी तुलाच बाहेर काढलं. तू आजारी नव्हतीस. तू माझा नियम पाळून चालत आली होतीस, म्हणून तुझं कपाळ तापलं होतं. हे तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ते कुणी ऐकलेलं नाही.

बोर्डाच्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत नऊ डिसेंबरपर्यंत आहे. तुझं नाव शाळेने कमी केलेलं नाही, मी हजेरीपट स्वतः पाहिला. अर्जावर तुझा फोटो आणि सही लागते, ती दुसऱ्या कुणाची चालत नाही. ज्या दिवशी येशील त्या दिवशी पुंडलिक सर ऑफिसात थांबतील. हे त्यांनी आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. बीजगणिताची तीन प्रकरणं राहिली आहेत तीही घेतो म्हणाले. गेटची जबाबदारी आता सांडूकडे आहे. त्याने लिंबाखाली एक बाकडं टाकलंय, आलेलं मूल आधी तिथे बसतं.

यायचं की नाही ते तू आणि आई ठरवा. मी दिलेल्या शब्दावर एकदा आलीस, पुन्हा त्यावर येऊ नकोस. तुझ्या स्वतःसाठी यावंसं वाटलं तर ये. माझ्या घरावरून जावं लागू नये असं वाटलं तर शाळेच्या मागच्या रस्त्याने ये. मला वाईट वाटणार नाही. नाही, वाटेल. तरी तिकडूनच ये.

सत्यभामा, वडीलधाऱ्या माणसाने पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. मी तो लिहायला घेतला होता आणि थांबले. तू आणि सायली, दोघींना माझा नमस्कार.

कुमुद लाडसावंगीकर