धाकटीच्या पिवळ्या मिरचीबद्दल

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, निवृत्त ग्रंथपाल, पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहीत आहे. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी खरे लिहिले नव्हते.

१. राहते घर मुलाला. विकले तरी हरकत नाही. गच्चीवरच्या कुंड्या मात्र आधी नीट उतरवाव्यात.

२. बँकेतील ठेव सुनेला, एकटीच्या नावे. माझ्या गुडघ्यांच्या दुखण्यात माझी चिडचिड तिनेच सोसली.

३. खुरपी, झारी आणि मलमलीच्या छोट्या पिशव्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना. मिरचीची कळी उमलण्याआधी पिशवी चढवावी, म्हणजे शेजारच्या झाडाचा पराग लागत नाही; फळ धरले की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधावा. बी फक्त दोरा असलेल्या फळाचे. ही आईची शिस्त. एका वर्षी मी ती मोडली.

४. आईने आम्हा दोघी बहिणींना बिनतिखट पिवळ्या मिरचीचे बी दिले होते. हे वाण दुसऱ्या कुणाकडे आम्ही पाहिले नाही. दरवर्षी आम्ही एकमेकींना बी पाठवायचो. अकरा वर्षांपूर्वी मी शेजारच्या कुंडीत जहाल जांभळी मिरची लावली आणि कंटाळा करून पिशव्या बांधल्या नाहीत. दोरे मात्र बांधले. तेच बी धाकटीला गेले.

पुढच्या वर्षी तिच्या घरी भरल्या पंगतीत सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "अगं ताई, ही आपली मिरचीच नाही!"

मी म्हणाले, "तुझ्याकडेच सरमिसळ झाली असणार. तुला कधी धीर होता?"

सगळे हसले. तिने ते खरे मानले. रोपे उपटली, बरणीतले जुने बीही टाकले. "माझ्या हाताला ते टिकायचं नाही," म्हणाली.

माझ्याकडे आदल्या वर्षीचे शुद्ध बी होते. तिला दिले असते तर चूक कोणाची ते उघड झाले असते. म्हणून "ते वाण गेलं गं," असे सांगून मी गच्चीवर एकटीच ते वाढवत राहिले. शाळेत खोटे बोलल्यावर नन शंभर ओळी लिहायला लावत. इथे एकच लिहिते, साक्षीदारांसमोर: चूक माझी होती.

५. कपाटातील पत्र्याची डबी, आत बत्तीस बिया, धाकटीला. गुडघ्यांमुळे चार वर्षे लागवड झाली नाही. परवा आणखी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून पाहिल्या, तीनच रुजल्या.

ताजा कलम: सहीला बोलावलेले शिंपीकाका वाचता वाचता थांबले. "बाई, तुम्ही अजून दहा वर्षं जगलात तर?"

"तर डबीत भुसा उरेल," नर्सबाई म्हणाल्या. "आजच जा की!"

म्हणून कलम ५ मी स्वतः खोडले आहे. डबी आणि ते तीन कोंब घेऊन आता निघते. धाकटीने दार उघडले नाही, तर पायरीवर ठेवून येईन. कलम ४ मात्र कोणी खोडू नये. त्या पंगतीतले जे हयात असतील त्यांना बोलावून ते मोठ्याने वाचावे. तिला हसले होते तेही सगळ्यांसमोरच.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: ४ मार्च, सकाळी दहा
साक्षीदार: १. समोरचे शिंपीकाका २. खालच्या नर्सबाई
सही: ताई (धाकटी मला याच नावाने हाक मारायची)