आई पडली असं धरावं

वन्संना वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धीच वाकले आहे, उरलेला नमस्कार मनाने पोचला असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल रोज चोळता, की नुसती बाटली उशाशी ठेवता? मी उत्तम आहे. माझं दार मात्र बरं नव्हतं, आणि हे पत्र त्याच्याबद्दलच आहे.

तुमचे भाऊ गेल्यापासून मी एकटी राहते, हे लेकीच्या जिवाला लागून राहिलं आहे. ती प्रोग्राम लिहिते, त्यामुळे तिची काळजीसुद्धा प्रोग्राममधूनच येते. रोज संध्याकाळी माझ्या फोनवर प्रश्न उगवतो, "आई, आज काही हवंय का?" खाली उत्तराची चौकट. गेल्या आठवड्यात एकदा मी चौकट रिकामीच ठेवून बटण दाबलं आणि कानात कापूस घालून वाचत बसले (वरच्या मजल्यावर फरशी बसवताहेत, डोकं उठतं). थोड्या वेळाने मान वर करते तो दाराला हे भगदाड, आणि त्यातून किल्लीवाला विचारतोय, "आजी, कुठं पडलात?" मी म्हटलं, "खुर्चीत."

झालं होतं असं. प्रोग्राममध्ये फंक्शन नावाचा एक तुकडा असतो; आपण त्याच्या हाती काही द्यायचं, त्यावरून तो काम करतो. हाती काही दिलंच नाही, तर तो स्वतःच एक उत्तर धरून चालतो. त्याला डीफॉल्ट म्हणतात. आणि लेकीने डीफॉल्ट काय ठेवावं? "आई पडली"! माझी रिकामी चौकट तिथं 'नल' होऊन पोचली (म्हणजे काहीच नसणं, पाण्याच्या नळाशी संबंध नाही) आणि फंक्शनने मला बसल्या जागी पाडून थेट किल्लीवाल्याला दार फोडायला धाडलं.

सुट्टीच्या दिवशी लेक-जावई आले. लेक म्हणाली, "पुरे झालं आता. सामान बांध, आमच्याकडे चल." चूक तिच्या फंक्शनची आणि घर मी सोडायचं! मी म्हटलं, आधी वाद घालू. हरले तर येते. (वाचनालयातून या विषयाचं पुस्तक आणलं होतं. पहिल्या वाचनात झोप लागली, दुसऱ्यात थोडं कळलं.)

लेकीचं म्हणणं असं, की नल दिलं काय आणि उत्तरच दिलं नाही काय, हाती काही येत नाही ते नाहीच. मग वाईट तेच धरलेलं बरं. जावई म्हणाले, प्रोग्रामच्या काही भाषांत या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. "तू नक्की कोणाच्या बाजूचा?" असं लेकीने विचारताच ते मुकाट्याने जेवायला बसले. मी आणखी वाढायला गेले, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. तोंडात घास, चकार शब्द नाही. आणि मला मुद्दा सापडला!

"हे बघ," मी म्हटलं, "हा जावई काही बोलला नाही. जेवायलाच न आलेला जावईही काही बोलत नाही. दोघांना एकच धरशील? याला मी वाढत नाही, आणि त्याला शोधायला रस्त्यावर जाते."

जावयांना हसून ठसका लागला. लेकीने त्यांच्यापुढे पाणी सरकवलं. मग म्हणाली, "पण आई, हात आडवा धरणाऱ्याचं पोट भरलेलंच असतं, असं थोडंच आहे?"

वन्सं, हे मात्र तिचं खरं होतं. मला जे हवंय ते चौकटीत लिहून मिळणारं नाही, म्हणून तर ती रिकामी ठेवली होती. पण वाद पोटाचा नव्हता, फंक्शनचा होता, आणि तो मी जिंकले! लेकीने तिथंच बसून कोड बदललं. आता रिकामं उत्तर आलं तर "आई आहे, बोलायचं नाही" असं धरतात. उत्तरच आलं नाही तर आधी फोन, मग शेजारी, आणि दार सगळ्यांत शेवटी. घर माझं, खुर्ची माझी. नवीन दार जावयांनी स्वतः बसवलं. खाली घासतं, पण जिंकलेल्या माणसाने एवढं बारीक बघू नये.

तुमची,
वहिनी

ता. क. मला एकटीला अगदी छान जमतं, असं लेकीला ठासून सांगितलं आहे. तिचा फोन आला तर तुम्हीही तेच सांगा.

आणखी एक ता. क. त्या प्रोग्राममध्ये तुमचाही नंबर घालून घेतला आहे. उद्यापासून रोज संध्याकाळी तुम्हाला प्रश्न येईल, "वहिनीकडे राहायला येता का?" डीफॉल्ट मीच ठरवलं: "येते." उत्तर दिलं नाहीत, तर जावई गाडी घेऊन तुमच्या दाराशी हजर होतील. यायचं नसेल तर स्पष्ट "नाही" लिहा. रिकामी चौकट मात्र पाठवू नका. तिचा अर्थ मला कळतो, आणि मग मी स्वतःच न्यायला येईन.