शनीवरून खडकीला

खडकी, पुणे
मार्च २००७

प्रिय प्रज्ञेश,

पटकथा मिळाली. कागद छान जाड आहे, छपाई सुबक. तेवढं कौतुक आधीच करून टाकते, पुढे जमेल असं वाटत नाही.

माझ्या कादंबरीवर सिनेमा व्हायलाच हवा, हे पहिल्यांदा तूच म्हणालास. कारखान्याच्या क्वार्टर्सच्या गच्चीवर बसून तू एकेक दृश्य माझ्यापुढे उभं करायचास. रतनचं यान शनीच्या चंद्रावर उतरतं. तिचा आवाज इथे पोचायला तासाहून जास्त लागतो, आणि तेवढा वेळ तिची आई खडकीत रेडिओसमोर नुसती बसून राहते. मग आवाज येतो, "जय भीम, आई." इथे तुझेच डोळे भरून यायचे. मी तुझ्या प्रेमात पडले ती त्या गच्चीवर, हेही आता लिहून टाकते. पुढे तू संगणक शिकलास, अमेरिकेला गेलास, परत येऊन हिंजवडीत कंपनी काढलीस. तुझ्या लग्नपत्रिकेवर आडनाव नव्हतं, नुसतं प्रज्ञेश के.

तुझ्या पटकथेत रतन शनिवार पेठेत राहायला गेली आहे. उड्डाणाआधी नारळ फोडते. आणि शनीवरून म्हणते, "गणपती बाप्पा मोरया!" सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस, ती सगळ्यांना आपली वाटावी म्हणून एवढा किरकोळ बदल. सगळ्यांना म्हणजे कोणाला, रे? आपल्या क्वार्टर्समध्ये कोणाला ती परकी वाटली होती? मला फार राग आला आहे, आणि त्याहून जास्त तुझी लाज वाटते आहे.

चिठ्ठीत 'तुझ्या आईसाठी तरी हो म्हण' असं लिहून नेम मात्र बरोबर धरलास. तिला वाचता येत नाही. पुस्तक निघालं तेव्हा मुखपृष्ठावर हात फिरवून म्हणाली होती, "सिनेमा निघाला की बघीन." तोवर ऐकायचंही नाही, असा हट्ट. आता ती अंथरुणाला खिळली आहे, दिसतंही कमी, आणि डॉक्टर फारशी आशा देत नाहीत. मी नाही म्हटलं तर तिचा सिनेमा राहणार, हे मलाही कळतं.

म्हणून आठवडाभर उत्तर लिहिलं नाही. शेवटी तिचा हट्ट मोडून पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं. काल रतन शनीच्या चंद्रावर उतरली. मी "जय भीम, आई" वाचलं, तर आईने उशीवरून मान उचलली आणि म्हणाली, "जय भीम, पोरी. जेवलीस का तिकडं?" आईचा सिनेमा बघून झाला, प्रज्ञेश. तुझा परवानगीचा कागद सही न करता सोबत परत पाठवते आहे.

एकेकाळची तुझीच,
आम्रपाली