डॉयल आणि माझा वरचा सूर

शनिवार, ६ मार्च १९५४

आज डॉयल दुसरं कडवं विसरला. चालू कार्यक्रमात! चार काउंट्यांतली माणसं रेडिओला कान लावून बसलेली, आणि माझा भाऊ तोंड उघडं टाकून उभा. मी माझा साथीचा वरचा सूर सोडला आणि त्याचं कडवं उचललं. दोन ओळींनंतर तो सावरला, खालून साथ द्यायला लागला. कुणाला कळलंसुद्धा नाही. रेडिओचे टॅकेटसाहेब तर उलट खूष — "काय झकास अदलाबदल केलीत! दर शनिवारी करत जा."

मला मात्र कडव्याच्या आधीच कळलं होतं. आम्ही बहीण-भाऊ एकाच माईकसमोर गालाला गाल लावून गातो. श्वासाचा वास लपत नाही. नंतर दोघांनी हसत हसत कार्यक्रमाचे पैसे देणाऱ्या पीठ कंपनीची जाहिरात गायली. मेलं ते पीठ!

मंगळवार, ९ मार्च

दिवसभर गिरणीत मोज्यांच्या टाचा शिवल्या आणि घरी येऊन घर उपसलं. गिटारच्या पेटीत एक बाटली, कोंबड्यांच्या खुराड्यात एक. दोन्ही ओतून दिल्या. आमच्या काउंटीत दारूबंदी आहे म्हणे! हद्द ओलांडली की बारा मैलांवर दुकान. डॉयलला तो रस्ता चर्चच्या रस्त्यापेक्षा पाठ.

भांडलो. "तू माझी बहीण आहेस की शेरीफ?" — "शेरीफ असते तर केव्हाच आत टाकला असता तुला." यावर हसला. तो हसला की मला रागावता येत नाही, लहानपणापासूनचं दुखणं आहे हे.

रविवार, १४ मार्च

रक्त ओकला. बादलीत लालभडक. डॉक्टर ब्रॅमलेट आले, पोट दाबून पाहिलं, मला बाहेर ओसरीवर घेऊन गेले. "ओरलीन, तुला सरळच सांगतो. लिव्हर संपत आलंय त्याचं. आता पुन्हा प्यायला तर मला बोलावू नकोस. पाद्रीबुवांना बोलाव."

एकतीस वर्षांचा आहे तो!



रविवार, २१ मार्च

ओढ्याचं पाणी हाडं गोठवणारं. पाद्री एस्टिल बाप्तिस्मा द्यायला कमरेएवढ्या पाण्यात उभे. त्यांनी डॉयलचं नाक धरलं आणि त्याला अख्खा बुडवला. वर आला तेव्हा ओठ निळे, दात वाजतायत, आणि ओरडला — "एक थेंब नाही! देवाशपथ, यापुढे एक थेंब नाही!" काठावरची सगळी मंडळी गायला लागली. मीही रडत रडत वरचा सूर धरला.

एस्टिल पाण्यातून बाहेर येत म्हणाले, "जुना डॉयल तिथंच बुडाला, बरं का बाई." सगळे हसले. मीही.

बुधवार, २४ मार्च

डॉयलचे हात थरथरतात. बशीतली कॉफी सांडते. पण दारूला शिवत नाही.

शनिवार, ३ एप्रिल

दोन आठवडे. आता घेवडा आणि मक्याचा पाव दोनदा मागून खातो. कुंपण रंगवलं. सगळ्या गाण्यांचे सगळे शब्द आठवतात.

पण हे लिहायचं कसं? हजेरी घेतल्यासारखा गातो! बायको सोडून गेली त्या आठवड्यात त्याने एक गाणं केलं होतं. ते सुरू झालं की स्टुडिओतल्या बाया रुमाल शोधायच्या. आज पहिल्या रांगेतली एक बाई शांतपणे विणत बसली होती. एक टाका चुकला नाही तिचा.

टॅकेटसाहेबांनी पत्रं दाखवली. एरवी साठ-सत्तर येतात. या आठवड्यात नऊ.

शनिवार, १० एप्रिल

नॅशव्हिलहून रेकॉर्ड कंपनीचे प्रुइट आले होते. बारा वर्षं वाट पाहिली या माणसाची! कार्यक्रम संपल्यावर मला एकटीला बाजूला घेतलं. "पट्टी बरोबर, शब्द बरोबर. पण ज्याला ऐकायला मी एवढ्या लांब आलो, तो माणूस कुठंय?"

म्हटलं, तो बरा झालाय. म्हणाले, "दिसतंय ते." पुढच्या शनिवारी परत ऐकणार. शेवटचं. नाही जमलं तर विषय संपला.

धीर करून विचारलं — मी एकटी? त्यांनी टोपी चढवली. "बाई, नुसता वरचा सूर कोण विकत घेतो?"

घरी येताना डॉयलला सांगितलं. त्याला काहीच वाटलं नाही! "अगं ओरली, नाही तर नाही. जिवंत आहे ना मी? आणखी कोंबड्या पाळू."

कोंबड्या!

मला इतकी चीड आली की गाडीतून उतरून चालत यावंसं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली. लाज गेली थोड्या वेळाने. चीड आहे अजून.

गुरुवार, १५ एप्रिल

आज पस्तीस पूर्ण झाली मला. डॉयलने स्वतः केक केला, एका बाजूने करपलेला. मेणबत्ती लावून माझ्यासाठी ते बायकोचं गाणं गायला. गाल गुबगुबीत झालेत त्याचे. मी जांभई दाबली.

गिरणीत सगळ्या विचारतात, "काय गं, नॅशव्हिलला गेल्यावर ओळख दाखवशील ना?"

शुक्रवार, १६ एप्रिल

आजारी आहे म्हणून गिरणीत कळवलं आणि गाडी काढली. हद्दीपलीकडच्या दुकानदाराने आवाजावरून ओळखलं — "अरेच्चा, रेडिओवरच्या बाई तुम्ही!" बाटली कागदात गुंडाळून दिली. डॉयल उद्या जो कोट घालणार आहे, त्याच्या आतल्या खिशात ठेवली आहे.

लहानच घेतली.