व्हू की त्यू

१८ नोव्हेंबर. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, विद्यापीठाच्या फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत, सरांनी सगळ्यांदेखत माझे गुण कापले. लेखीत माझी एकही चूक नव्हती! संवाद दोन मैत्रिणींचा होता आणि मी समोरच्या रेखाला, माझ्या वर्गातल्या मुलीला, 'व्हू', म्हणजे 'तुम्ही' म्हटलं.

"आजी, मैत्रिणीला 'त्यू' म्हणतात. तू!"

काल मिसरूड फुटलेला हा मला रीत शिकवणार? आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर माळ्यालाही 'अहो' म्हणत.

पण 'त्यू' तोंडातून निघेचना. का?

बाहेर रेखा म्हणाली, "मावशी, तू कसाले रागे भरस? चाल, चहा पिऊत." मी तिलाच झापलं, "मोठ्यांना तू म्हणतेस?" आणि एकटीच रिक्षाने घरी आले. तिच्या गावी, धानोऱ्यात, आईलाही तूच म्हणतात, हे काय मला ठाऊक नाही?

एका कपाचा चहा टाकताना कळलं. हे गेल्यापासून रेखाखेरीज मला कुणी तू म्हटलेलंच नाही. सगळ्यांची मी मॅडम, नाहीतर आजी. तुम्ही, तुम्ही. व्हू, व्हू.

सरांकडे तक्रार नंतर. आधी रेखाला फ्रेंचमध्ये चिठ्ठी लिहिली: रविवारी तू चहाला ये. लेखी उत्तर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं. त्यात 'व्हू' दिसलं तर गुण कापीन.