दहा माणसांची सहल

४ जाने., रवि.
सकाळी विहारात वंदना. दुपारी कपडे, इस्त्री. गुडघा बरा. वहिनी गेली, तिच्या जलदानविधीला आज तीन महिने झाले.
सुहासचा पुण्याहून फोन. "आत्या, बोधगयेचं मनावर घे. आईचं राहिलं, तुझं तरी होऊ दे."
राहिलं ते माझ्यामुळे. मागच्या हिवाळ्यात वहिनी बॅग काढून बसली होती. मी म्हटलं, गुडघा दुखतोय, पुढच्या वर्षी जाऊ. दादा गेल्यापासून आम्ही नणंद-भावजय एकोणीस वर्षं एका घरात. एवढ्या वर्षांत तिने मागितलेलं ते एकच.
सुहासला म्हटलं, बघते.

६ जाने., मंगळ.
दोन ठिकाणी चौकशी.
एक पुण्याची कंपनी, सुहासने शोधलेली. फक्त एकट्या ज्येष्ठ महिला, सोळा जणी, विमानाने, बरोबर डॉक्टर. तिथल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुम्ही सोलो ना? रूममध्ये पार्टनर देऊ, तुमच्याच वयाच्या." घोरता का, दिवा लावून झोपता का, सगळं विचारलं. चांगली मुलगी. "कोणाबरोबर राहायची सवय आहे का मॅडम?" हो म्हटलं.
दुसरे पोलादपूरचे जाधव. एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. वर्षातून एकदा दहा माणसं नेतात. कल्याणहून रेल्वे, पुढे तिकडची गाडी. दहाच्या वर घेतच नाहीत. म्हणाले, "दहा डोळ्यांत मावतात बाई. अकरावं झालं की कोणतरी हरवतं." जायच्या आधी दोन रविवार जवळपास फिरवून आणतात. कोण किती चालतं ते बघायला. ही रीत आवडली.

११ जाने., रवि.
जाधवांची पहिली फेरी, पाले लेणी. साडेआठला महाड स्टँडवरून गाडी. आम्ही दहा. शेवंता मावशी (तोंड बंद नाही), नाना पवार म्हणून निवृत्त तलाठी, बाकीच्यांची नावं अजून लक्षात नाहीत. जाधव मागच्या सीटपासून पुढे मोजत येतात, प्रत्येक पाठीमागे सीटला बोट लावून. माझ्या शेजारी कोणी नव्हतं.
अकरा झाले.
नाना म्हणाले, "अकराव्याचं तिकीट फाडलंस काय रे, जाधवा?"
मावशी म्हणाल्या, "अगो बाय, मलाच दोनदा मोजलंन असेल. मी हायच दोघींयेवढी."
सगळे हसले. परत मोजले, दहा. निघालो.
चढताना दोनदा बसले. गुडघ्याने साथ दिली. लेणीत गार. त्रिसरण-पंचशील झालं. आत आवाज घुमतो, त्यामुळे दहापेक्षा जास्त माणसं म्हणताहेत असं वाटतं. ते साहजिक आहे.
उतरताना मी शेवटची. जाधव खालच्या पायरीशी उभे राहून एकेकाला मोजत होते. मी उतरले तरी ते हलले नाहीत. माझ्या मागे वर बघत म्हणाले, "सावकाश या, घाई नाय."
मी मागे पाहिलं नाही.
वहिनी कुठूनही शेवटी उतरायची. "तुम्ही व्हा पुढं ताई, मी आलेच."

१२ जाने., सोम.
असलं आपल्यात मानत नाहीत. मीही मानत नाही. लिहून ठेवलं म्हणजे डोक्यातून जाईल.
दुपारी जाधवांचा फोन. "बाई, काल तुमच्या मागनं कोण उतरत होतं?"
कोणी नाही, म्हटलं.
"एकतीस वर्षं गाडीत माणसं मोजली. कधी नाय चुकलो. आता चुकायला लागलो तर तुम्हाला एवढ्या लांब न्यायचं कसं? डोळे तपासून घेतो."
भ्यायलेले वाटले. त्यांना सांगायला हवं होतं का? सांगणार तरी काय.

१७ जाने., शनि.
पुण्याच्या कंपनीची महाडला हॉटेलात बैठक. गेले. पडद्यावर फोटो, चहा, बिस्किटं. जिन्याच्या पायऱ्या किती, शौचालय किती वेळाने, रात्रीच्या जेवणाला तेल किती, सगळं छापून दिलं. नाव ठेवायला जागा नाही. गळ्यात कार्ड घालायचं. दारातली बाई मशीन लावते, आवाज होतो, म्हणजे तुम्ही आलात. मॅनेजर म्हणाला, "डोकी मोजायची भानगडच नाही आमच्याकडे."
उशिरा एक बाई आली. माझ्या शेजारच्या खुर्चीला हात लावून विचारलं, "कोणी आहे का इथे?"
"आहे."
ती मागे जाऊन उभी राहिली. बैठक संपेपर्यंत खुर्ची तशीच. मला लाज वाटली, पण उठून तिला बोलवलंही नाही.

१८ जाने., रवि.
दुसरी फेरी, सव गावची. जाधव नवीन चष्मा लावून आले. जाड काळी फ्रेम. नाना म्हणाले, "कंडक्टरचा कलेक्टर झाला बघा."
मोजले. दहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाधवांचा चेहरा आठवड्याने मोकळा झाला असेल. गरम पाण्याच्या कुंडाकडे जाताना मोजले, दहा.
मला बरं वाटायला हवं होतं.
कुंडाशी सगळे पाय पाण्यात सोडून बसले. मी गुडघ्यामुळे बसले नाही, मागे उभी राहिले. जाधव माझ्या बाजूला, ड्रायव्हर गाडीत. पाण्यावर वाफ होती. मी म्हटलं, पुन्हा मोजा.
"आत्ताच मोजले की बाई."
पुन्हा मोजा ना.
त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हीच मोजा. माझ्यावर इश्वास नाय तर."
मोजलं. त्यांच्यासारखंच, एका कडेपासून, एकेक पाठ. दहा.
"झालं समाधान?"
झालं, म्हटलं.
म्हणजे चष्म्याचंच होतं. येताना गाडीत मावशींनी भडंग दिलं, ते पिशवीत तसंच. सुहासला सांगून टाकावं, पुण्याची घे म्हणून.

१९ जाने., सोम.
भाकरी थापताना लक्षात आलं.
दहा जणांत मी एक. मी मागे उभी होते. पाण्याशी नऊ पाठी असायला हव्यात. मी दहा मोजल्या. स्वतःला धरलंच नव्हतं.
भाकरी जळली.
दिवसभर आठवून बघतेय. नाना, मावशी, ते मास्तर नवरा-बायको, लाल स्वेटरवाले... सातच्या पुढे जमत नाही. कडेला एक होती, पदर डोक्यावरून घेतलेली, असं आता वाटतं. पण ते मी आज घालतेय, काल तसं पाहिलं नव्हतं. पाठी आणि वाफ, एवढंच पाहिलं.
रविवार होता. गावातली एखादी येऊन बसली असेल पाय शेकत. तसंच असेल.

२१ जाने., बुध.
बँकेत हयातीच्या दाखल्याचं विचारून आले. ते काम झालेलंच होतं. मग उगाच का गेले?
येताना स्टँडवर जाधव भेटले. चष्मा खिशात. "लावत नाही का?" विचारलं. "वाचायला लावतो." मग हळूच म्हणाले, "बाई, परवा सवला तुम्ही मोजताना मीपण मोजत होतो. बिनचष्म्याचा."
किती, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पोलादपूरची गाडी लागली, ते चढले.

२३ जाने., शुक्र.
सुहासचा फोन. "आत्या, सोमवारपर्यंत नक्की सांग. एकच जागा उरलीय. त्या कंडक्टरकडे ना डॉक्टर ना काही. तुला काय झालं तर मी कोणाला विचारू? इकडे निदान एकटी पडणार नाहीस."
त्याचं सगळं बरोबर आहे. त्याची आई गेली आहे, आता मीच उरले. त्याला काय सांगू, तिकडे मशीन कार्ड बघतं, कार्ड नसेल त्याला आत घेत नाही?
हे सगळं माझ्या मनाचं असेल तर मी एकटी जाऊन येणार, आणि तिचं राहिलं ते राहिलंच.
आणि मनाचं नसेल तर? मग तिने बोधगया पाहिली. तिचं झालं. परत येताना जाधव किती मोजतील? या घरात मी तीन महिने कशी राहिले ते मलाच माहीत नाही. आता वाटतं की एकटी नव्हते म्हणून राहिले.
न जाणं हाही एक उपाय आहे. पुढच्या वर्षी, असं पुन्हा म्हणायचं.

२५ जाने., रवि.
विहारात गेले नाही. बॅग खाली काढली. आतून पुसून उन्हात ठेवली. गुडघा दुखला.

२६ जाने., सोम.
शाळेत झेंडावंदनाला जाऊन आले. ऑफिसात माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंनी खुर्ची दिली.
सुटी असूनही पुण्याच्या मुलीने फोन उचलला. नको म्हटलं. "ठीक आहे मॅडम, काही शंका होती का?" काही नाही, म्हटलं. सुहासला अजून कळवलेलं नाही. ओरडेल.
मग जाधवांना फोन.
"तुमचं नाव धरू ना बाई?"
धरा.
"एकच ना?"
मी पुसून ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. ते थांबले. त्यांच्याकडून रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज येत होता.
"बरं," म्हणाले. "गाडीत कसं बसवायचं ते बघतो."
फोन ठेवला.
शनिवारी भिजवलेल्या वालांना चांगले मोड आलेत. चार वाजता ओट्यावर परात घेऊन बसले. सोलून झाले. साली तुळशीशेजारच्या कुंडीत टाकल्या, हात धुतले.