गोगलगायीच्या पुस्तकाचे शेवटचे पान

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, मुलांच्या चित्रपुस्तकांची लेखिका, पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही शंका असेल त्याने समोर येऊन विचारावे. हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहिलेले नाही. माझ्यावर दबाव आणणे आजवर कोणाला जमलेले नाही.

१. राहते घर मुलाला. अट एकच: उत्तरेकडची खोली नणंदबाईंची, म्हणजे त्याच्या आत्याची, त्या हयात असेपर्यंत त्यांचीच राहील. तिथल्या फरशीवरचे रंगाचे डाग घासत बसू नये. मी तीस वर्षे घासले, निघत नाहीत.

२. बँकेतली ठेव सुनेला. मुलाला दिली तर तो आणखी एक कॅमेरा घेईल.

३. पत्र्याचा डबा नणंदबाईंना. आमच्या बावीस पुस्तकांची पद्धत अशी: चित्र त्या काढत, मी एकेक वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहून चित्राखाली टाचणीने लावत असे. चित्रात आधीच दिसते ते वाक्य त्यांनी काढून टाकायचे. वाक्यात आधीच आले ते मी चित्रातून पुसायला लावायचे. त्यांनी काढलेली प्रत्येक पट्टी या डब्यात आहे. त्यातल्या निम्म्या उगाच काढल्या, हे त्यांनी निवांत वाचून पाहावे.

४. तेविसावे, गोगलगायीचे पुस्तक सात वर्षे कपाटात पडून आहे. शेवटच्या पानावर मुलगी पाळलेली गोगलगाय बागेत सोडते. माझे वाक्य होते, 'तिला फार वाईट वाटलं.' नणंदबाईंनी चित्रातल्या मुलीच्या गालावर लिंबाएवढा अश्रू काढला आणि म्हणाल्या, "वहिनी, चेहऱ्यावर दिसतंय ते तू कशाला सांगतेस?" तुझे सगळे चेहरे सर्दी झाल्यासारखे दिसतात, सांगावेच लागते, असे मी म्हणाले. तेव्हापासून चहा एकत्र, पण पुस्तकाचे नाव नाही. आता त्यांचा हात थरथरू लागला आहे. माझ्या पश्चात ते वाक्य काढण्याचा पूर्ण अधिकार मी त्यांना देत आहे.

५. कलम चार रद्द. साक्षीला आलेल्या, वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी ते वाचले आणि विचारले, "तुमच्या पश्चात त्यांचा हात चालणार आहे का?" आगाऊपणाच, पण मुद्दा बरोबर. मी उठून उत्तरेकडच्या खोलीत गेले आणि नणंदबाईंच्या देखत पट्टी काढून डब्यात टाकली. मग ब्रश ओला करून त्यांनी अश्रू पुसला.

"हाही जास्तच होता," त्या म्हणाल्या. "मुलीला पाठमोरीच काढते. सर्दी दिसायला नको."

नवा कागद त्यांनी घेतला, तो हलू नये म्हणून मी धरून बसले.

६. पुस्तक छापून हातात येईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कोणी घाई करू नये.

सही: लेखिका
साक्षीदार: १) वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई २) आमचे छपाईवाले
ठिकाण: राहते घर, उत्तरेकडची खोली
तारीख: १७ नोव्हेंबर, मंगळवार